चारशे सतरावरची रेघ

मी एक जुनी तुळई आहे, आणि आधीच सांगून ठेवते, तुम्ही मला पाहिलेलं नाही. जहाज बघायला आलेली माणसं डोलकाठी बघतात, झेंडा बघतात, सुकाणू धरून फोटो काढतात. डेकखाली वाकून, माल भरायच्या खणात मान घालून, या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी पडलेली सागवानी तुळई बघायला कोण जातं? पण मित्रांनो, जहाज कुठल्या देशाचं आहे हे झेंड्यावर ठरत नाही. झेंडा काय, सकाळी एक उतरवून दुपारी दुसरा चढवता येतो. ते ठरत होतं माझ्या अंगावर.

माझ्या पोटावर चार बोटं उंचीचे तीन आकडे कोरलेले आहेत. चार, एक, सात. त्या आकड्यांच्या मधून एक रेघ गेलेली आहे. आकडे कोरले त्या दिवशी मी नुसती फुगून गेले होते. रेघ ओढली तो दिवस आठवला की अजून मला कसंसंच होतं. मधली एकतीस वर्षं कशी गेली ते सांगते. मी जरा फटकळ आहे. बोलता बोलता कोणाला चार शब्द सुनावले तर मनावर घेऊ नका.

मला घडवलं ते मिस्त्रीने. बंदराच्या टोकाला त्याची पत्र्याची शेड होती. ओंडके आले की तो प्रत्येकाला बोटाच्या पेरांनी ठोकून कान लावून ऐकायचा. पाच ओंडके त्याने नापसंत केले आणि माझ्यापाशी आल्यावर म्हणाला, "ही वाजते बरोबर." त्या एका वाक्यावर मी आयुष्यभर तोरा मिरवला. अकरा दिवस तो माझ्यावर राबला. शेवटी मला 'मैना' नावाच्या एका मालवाहू जहाजात बसवलं. जहाज तसं बेताचंच, इंजिनाचं, सिमेंटच्या गोण्या आणि कौलं घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारं. पण माझ्यासारखी तुळई मोठ्या जहाजालाही मिळत नसेल, हे मी नम्रपणे नमूद करते.

आता नंबराची पद्धत ऐका. नवं जहाज तयार झालं की मालक नोंदणी कचेरीत जायचा. कचेरी त्याला एक चिठ्ठी द्यायची, तिच्यावर एक नंबर. तो नंबर मिस्त्रीने छिन्नीने जहाजाच्या मुख्य तुळईवर कोरायचा. मग कचेरीचा माणूस येऊन, पातळ कागद आकड्यांवर ठेवून, वरून पेन्सिल फिरवून त्यांचा ठसा घ्यायचा. तो ठसा कचेरीत पोहोचला की मगच जहाजाचं नाव नोंदवहीत चढायचं. तोपर्यंत जहाज म्हणजे पाण्यावर तरंगणारं लाकूड, त्याला ना देश ना बंदर.

माझ्यापाशी ठसा घ्यायला आला तो एक तरुण कारकून होता. नोकरीला लागून त्याला महिनाच झाला असावा. त्याने आधी खिशातल्या रुमालाने माझ्यावरचा भुसा पुसला, मग अशी हलक्या हाताने पेन्सिल फिरवली की मला गुदगुल्या झाल्या. जाताना कप्तानाला म्हणाला, "हा नंबर पुसायचा नाही, झाकायचा नाही, यावर रंग लावायचा नाही. आणि जहाज कधी नोंदवहीतून काढायचं झालं, तर नंबराच्या मधून या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ कोरायची."

"ती वेळ कशाला येईल?" कप्तान म्हणाला.

आमचा कप्तानच जहाजाचा मालक. माणूस बोलायला मवाळ, पण कागदपत्रांच्या बाबतीत भलताच काटेकोर. कुठलाही कागद, कुठलाही परवाना, मुदतीच्या एक दिवस आधी नेऊन द्यायचा. मुदत सोमवारची असेल आणि रविवारी कचेरी बंद असेल, तर हा शनिवारी दारात उभा. खलाशी त्याची चेष्टा करायचे, की कप्तान मरेल तोसुद्धा एक दिवस आधी. तोही हसायचा. रोज सकाळी इंजिन सुरू व्हायच्या आधी तो खाली उतरायचा आणि माझ्या आकड्यांवरून बोटं फिरवायचा. एकतीस वर्षांत एकही दिवस त्याने चुकवला नाही.

त्याची बायको समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यावरची, म्हणजे शेजारच्या देशातली. जहाजावर सगळे तिला वहिनी म्हणायचे, म्हणून मीही वहिनी म्हणते. लहानपणी फार बोलायची म्हणून तिला माहेरी मैना म्हणत, त्यावरून जहाजाचं नाव. लग्नानंतर ती घरी बसली नाही, जहाजावर आली. माल कुठे किती भरायचा, कोणत्या बंदरात कोणाशी बोलायचं, हे सगळं तिच्याकडे. पण कायद्याच्या हिशेबी तिचा जहाजाशी काडीचाही संबंध नव्हता. त्या वेळचा कायदा म्हणायचा की या देशाच्या जहाजाचा मालक या देशाचाच नागरिक हवा. जहाजाचे कागदोपत्री चौसष्ट हिस्से असतात, आणि त्यातला एक हिस्सासुद्धा परक्याच्या नावावर चालत नसे. वहिनी म्हणायची, "चौसष्टातला एक माझा नाही, आणि भांडी मात्र चौसष्टच्या चौसष्ट मीच घासते."

तिला कोणी म्हणालं, की इकडची नागरिक हो आणि मोकळी हो, तर ती म्हणायची, "एका बाईने माहेर किती वेळा सोडायचं?"

तिसरा माणूस सारंग. सारंग म्हणजे खलाशांचा म्होरक्या. दोर, नांगर, माल, माणसं, सगळं त्याच्या हुकमात. अक्षरओळख शून्य, पण डेकवर पाऊल टाकलं की पायांच्या तळव्यांना कळायचं की खाली किती माल आहे आणि तो कुठल्या बाजूला कलतोय. मी तुळई असून मला जे कळत नसे ते त्याला कळायचं, आणि याचा मला थोडा रागही यायचा. मिस्त्री, कप्तान, वहिनी, सारंग आणि तो पेन्सिलवाला कारकून, एवढंच माझं जग. कारकून पुढे चढत चढत त्याच कचेरीचा साहेब झाला. दरवर्षी तपासणीला मात्र तो स्वतः यायचा, आणि खिशातून रुमाल काढून आधी मला पुसायचा.

मग संघ आला.

आमच्या किनाऱ्यावरच्या सहा देशांनी एक संघ काढला. अंगणाला अंगण लागून असलेल्या सहा घरांनी मधली कुंपणं काढायची ठरवावी, तसंच ते. एकाचा माल दुसऱ्याकडे अडवायचा नाही, आणि सहापैकी कुठल्याही देशाच्या माणसाला इतर पाच देशांत जहाज आपल्या नावावर चढवता येईल, असा करार झाला. कप्तानाने ते वर्तमानपत्र खणात गोण्यांवर बसून मोठ्याने वाचून दाखवलं. वहिनीने ते त्याच्या हातातून घेतलं, तोच उतारा पुन्हा दोनदा वाचला आणि घडी घालून पदराखाली ठेवलं.

सारंगाला मात्र हे मुळीच पटलं नव्हतं. तो म्हणाला, "कुंपण काढलं की गाय आत येते, तसा बैलही येतो. पलीकडच्या बड्या कंपन्या येतील, त्यांची माणसं आणतील. आम्ही कुठे जायचं?" खलाशांनी कराराविरुद्ध एक अर्ज केला होता. त्यावर सारंगाने अंगठा उठवला. कप्तान त्याच्यावर चिडला, दोघे चार दिवस एकमेकांशी कामापुरतंच बोलले. खरं सांगू? मला दोघांचंही पटत होतं. म्हातारी तुळई कोणाची बाजू घेणार, दोन्ही बाजू तिच्याच अंगावर टेकलेल्या.

करार झाला म्हणजे कायदा झाला, असं नसतं. करार सहा देशांचा, पण नोंदवही प्रत्येकाची आपापली. प्रत्येक देशाने आपल्या संसदेत आपला कायदा स्वतः बदलायचा होता, आणि तो तुकड्यातुकड्याने बदलत गेला. आधी सहा देशांच्या कचेऱ्यांचे संगणक जोडले. इथे एखादं जहाज नोंदवहीत चढलं किंवा उतरलं, की त्याच क्षणी ते सहाही ठिकाणी दिसायला लागलं. मग जहाजांच्या तपासणीचे नियम सहाही देशांत सारखे केले. हे नियम कडक होते, पण आधीपासून नोंदवहीत असलेल्या जुन्या जहाजांना आणि त्यांच्यावरच्या जुन्या माणसांना त्यातून सूट होती. नव्याने चढणाऱ्या जहाजाला सूट नव्हती. राहिलं ते मालक कोण होऊ शकतो हे सांगणारं वाक्य. आमच्या संसदेत ते एक वाक्य दोन वर्षं लोंबकळत पडलं. आधी तारा जोडल्या, मग नियम जोडले, आणि माणसांना ठेवलं सगळ्यात शेवटी. मला राजकारण कळत नाही, पण हे काही बरं झालं नाही.

त्या दोन वर्षांत कप्तान गेला. धक्क्यावर गोण्या उतरवत असताना दुपारी त्याच्या छातीत कळ आली, तो एका गोणीवर बसला आणि पुन्हा उठलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यावर कोणाची बोटं फिरली नाहीत, तेव्हा मला कळलं. तिसऱ्या दिवशी वहिनी खाली आली. तिने माझ्या आकड्यांवर हात ठेवला आणि कपाळ माझ्या अंगाला टेकून खूप वेळ रडली.

तेराव्या दिवशी कचेरीचं पत्र आलं. कप्तानाचे चौसष्ट हिस्से आता बायकोकडे आले, आणि बायको परदेशी नागरिक. साठ दिवसांच्या आत तिने जहाज या देशाच्या माणसाला विकावं, किंवा नोंदवहीतून काढून घ्यावं. साठावा दिवस उलटला, तर जहाज सरकार ताब्यात घेऊन विकेल. पत्रावर साहेबाची सही होती. त्याच पेन्सिलवाल्या साहेबाची.

विकायचा विचार तिने कधी केलाच नाही. तिने मनात एक बेत पक्का केला. इथल्या नोंदवहीतून जहाज काढायचं आणि माहेरच्या देशात नेऊन स्वतःच्या नावावर चढवायचं. तिथली तर ती नागरिकच होती. इथून काढल्याशिवाय तिथे चढत नाही, म्हणून आधी काढायचं. बेत शहाणपणाचा होता. फक्त तिला हे माहीत नव्हतं, की नव्याने चढणाऱ्या जहाजाला जो कडक नियम इथे, तोच आता तिथेही.

एकोणसाठाव्या दिवशी सकाळी ती कचेरीतून रेघ ओढायच्या परवानगीची चिठ्ठी घेऊन आली आणि खणात सारंगापाशी बसली. चेहरा लालबुंद झाला होता.

"साहेब म्हणतात, उद्या या," ती म्हणाली. "म्हणतात, अजून एक दिवस आहे, घाई कशाला करता. तीनदा म्हणाले."

"मग थांबू या की, वहिनी. एका दिवसाने काय बिघडतंय?"

"कीव करतात ते माझी. विधवा बाई आहे, जरा रडून घेऊ दे आणखी एक दिवस. नको मला. ह्यांनी आयुष्यात कधी कागद शेवटच्या दिवसावर ठेवला नाही. ह्यांच्या जहाजाचा शेवटचा कागद मी तसा ठेवणार नाही."

सारंग उठला. तो मिस्त्रीला आणायला गेला.

मिस्त्री आता शहात्तरीचा झाला होता. काठी टेकत आला, माझ्यासमोर उभा राहिला, आणि पेरांनी मला दोनदा ठोकून कान लावला. मग म्हणाला, "पोरी, आज हात चालत नाही गं माझा. उद्या करतो."

"तुम्हीही सुरू झालात, बाबा?" वहिनी म्हणाली. "छिन्नी द्या इकडे. मी ओढते रेघ."

त्याने छिन्नी दिली नाही. स्वतःच ओढली. ज्या हाताने आकडे कोरले होते, त्याच हाताने चाराच्या डाव्या कडेपासून साताच्या उजव्या कडेपर्यंत. मित्रांनो, मी लाकूड आहे, मला दुखत नाही असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. ते खरं असेलही. पण मिस्त्रीच्या डोळ्यातलं पाणी माझ्यावर पडलं, ते मला नक्की कळलं.

दुपारी साहेब ठसा घ्यायला आला. या वेळी त्याने रुमाल काढला नाही. रेघेकडे नुसता बघत उभा राहिला. मग घड्याळ बघून म्हणाला, "उशीर झालाय. उद्या सकाळी येऊन ठसा घेतो."

"तीनच वाजलेत, साहेब," वहिनी म्हणाली.

त्याने कागद ठेवला आणि पेन्सिल फिरवायला घेतली. टोक मोडलं. त्याने ते खिशातल्या पात्याने पुन्हा काढलं, इतक्या सावकाश, की सारंगाने खाकरून आठवण दिली. शेवटी ठसा झाला. साहेब वर गेला, धक्क्यावरून चालत कचेरीत पोहोचला, आणि चार वाजायच्या आत चारशे सतरा हा नंबर सहाही देशांच्या नोंदवह्यांतून उतरला.

दुसऱ्या दिवशी म्हणजे साठाव्या दिवशी सगळे पलीकडे निघायच्या तयारीत होते. सारंग रेडिओ लावून दोर गुंडाळत होता. बाराच्या बातम्या लागल्या आणि त्याच्या हातातला दोर तसाच राहिला. तो खाली आला. ज्या कायद्याविरुद्ध त्याने अंगठा उठवला होता, त्याचीच बातमी त्याने वहिनीला सांगितली.

"झाला कायदा, वहिनी. आजपासून लागू. आज नोंदवहीत असलेल्या कुठल्याही जहाजाचा मालक सहापैकी कुठल्याही देशाचा चालेल. कागदांत काही बदल करायची गरज नाही, असं सांगतायत."

वहिनी आधी हसली. चांगली मोकळी हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मग तिची नजर माझ्याकडे वळली आणि त्या रेघेवर थांबली. हसणं तिच्या तोंडावरच राहिलं, डोळ्यांतून मात्र गेलं.

ती कचेरीत गेली ती साहेबाला बरोबर घेऊनच आली. साहेब खणात उतरला आणि एका गोणीवर बसला.

"एक दिवसाचा तर प्रश्न आहे, साहेब," सारंग म्हणाला. "ठशावर आजची तारीख घाला. कोणाला कळतंय?"

"सहा देशांना कळतंय," साहेब म्हणाला. "पूर्वी नोंदवही माझ्या कपाटात असायची. आता मी इथे बोट टेकलं की पलीकडच्या कचेरीत दिसतं. काल चारच्या आत दिसलं."

मग तो वहिनीकडे न बघता म्हणाला, "बाई, मला तीन दिवस आधी माहीत होतं. वरून कागद आला होता. राजपत्रात छापून येईपर्यंत कोणाला सांगायचं नाही, असं त्यावर लिहिलं होतं."

वहिनी म्हणाली, "पूर्ण सांगायचं नव्हतं, तर अर्धं कशाला सांगितलंत? उद्या या, उद्या या. मला वाटलं, तुम्ही माझी कीव करताय. माझ्याशी नीट भांडला असतात, हाताला धरून कचेरीत बसवून ठेवलं असतंत, तरी कळलं असतं मला की काहीतरी आहे."

"एकतीस वर्षं मी नियम मोडलेला नाही," साहेब म्हणाला.

"माहीत आहे. ह्यांनीही नाही मोडला," वहिनी म्हणाली. "आणि आता बघा दोघांनी मिळून काय केलंत ते."

हे तिने रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर साहेबाला सोपं गेलं असतं. तो उठला, खिशातून रुमाल काढला आणि माझ्या रेघेतला भुसा पुसला. मग हळूहळू जिना चढून गेला.

जहाज मात्र वाचलं, घाबरू नका. नव्या कायद्याने वहिनीला इथेच स्वतःच्या नावावर जहाज चढवायचा हक्क मिळाला होता. पण ते आता नवं जहाज म्हणून चढणार होतं, आणि नव्या जहाजाला कसलीच सूट नाही. त्याच संध्याकाळी नियमांची यादी आली. त्यातल्या दोन अटी आमच्या मुळावर आल्या. एक, मुख्य तुळई कोरी हवी, जुना नंबर किंवा रेघ असलेली चालणार नाही. दोन, सारंगाच्या जागेवरच्या माणसाकडे संघाचं प्रमाणपत्र हवं, आणि त्याची परीक्षा लेखी. जहाज त्या दिवशी नोंदवहीत असतं, तर मीही राहिले असते आणि सारंगही हात चालेपर्यंत राहिला असता.

वहिनी सारंगाला हे सांगायला खाली घेऊन आली. वर खलाशांसमोर तिला ते बोलवेना.

"माझ्या एका दिवसाने तुमची जागा गेली, दादा," ती म्हणाली. "मला माफ करा म्हणायलासुद्धा तोंड नाही."

सारंगाने माझ्या अंगाला पाठ टेकली. "मी त्या कायद्याविरुद्ध अंगठा दिला होता," तो म्हणाला. "म्हटलं होतं, पलीकडची माणसं येऊन माझी जागा घेतील. कोणीही आलं नाही बघा पलीकडून. मी आपला इथल्या इथेच गेलो." मग म्हणाला, "कप्तान असता तर त्यानेही काल दुपारीच रेघ ओढली असती, वहिनी. तुमचं काही चुकलं नाही."

वहिनी तोंडावर पदर दाबून रडली. सारंग रडला नाही. तो डेकवर गेला आणि अर्धवट राहिलेला दोर नीट गुंडाळून ठेवून मगच जहाजावरून उतरला.

मला काढायला मिस्त्रीला तीन दिवस लागले. माझ्या जागी लोखंडी तुळई बसली. तिचा नंबर कारखान्यातच यंत्राने ठोकून आला होता. छिन्नी नाही, पातळ कागद नाही, गुदगुल्या नाहीत. तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, असं मी म्हणते. 'मैना'च्या कागदांवर मालक म्हणून वहिनीचं नाव लागलं, चौसष्टच्या चौसष्ट हिस्से. सारंगाच्या जागी दुसरा एक जण आला. माणूस चांगला आहे म्हणतात. पण डेकवर पाऊल टाकून त्याला माल कळत नाही, खाली येऊन बघावा लागतो.

मी आता मिस्त्रीच्या शेडबाहेर दोन दगडांवर पडून आहे, बसायला म्हणून. पहिलं वर्ष फार वाईट गेलं. कोणी माझ्यावर रंगाचे डबे ठेवायचं, कोणी उन्हात जाळी वाळत घालायचं. वाळवी लागायची मला भीती वाटायची. बंदरात आता सहा देशांच्या माणसांची जहाजं याच झेंड्याखाली येतात. इथल्या काही खलाशांना पलीकडे कामं मिळाली, काही घरी बसले. सारंग घरी बसणाऱ्यांतला. रोज सकाळी इंजिनं सुरू व्हायच्या वेळेला तो येऊन माझ्यावर बसतो आणि कुठलं जहाज निघालं ते आवाजावरून सांगतो. दोघंही मोडीत निघालेले, त्यामुळे आमचं छान जमतं.

गेल्या वर्षी साहेब नोकरीतून मोकळा झाला. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी तो शेडपाशी आला. हातात एक वही आणि पेन्सिल होती. सारंगाला म्हणाला, "सरका जरा." आणि माझ्यावर बसला. त्या दिवसापासून साहेब सारंगाला लिहा-वाचायला शिकवतो. सारंगाच्या बासष्टाव्या वर्षी. पहिल्या दिवशी वही बाजूला ठेवून त्याने सारंगाचं बोट धरलं आणि माझ्या खाचांतून फिरवलं. चार. एक. सात. रेघ असली तरी आकडे खोल आहेत, बोटाला लागतात. सारंग म्हणाला, "एवढी वर्षं हिच्याखाली जेवलो आणि हिचं नाव आज कळलं." एकदा परीक्षेला बसून तो नापास झाला. चार दिवस साहेबाशी बोलला नाही, पाचव्या दिवशी वही घेऊन हजर.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कोणी कायदे लिहील, कोणी कचेरीत बसेल, कोणी घराघरांमधली कुंपणं काढायला निघेल. जरूर काढा. माझं कुंपणाशी काही सख्य नाही. पण अमुक तारखेपासून लागू असं लिहाल, तेव्हा पेन खाली ठेवायच्या आधी एकदा आदल्या दिवसाकडे बघा. तिथे कोणीतरी उभं असतं. आणि कोणाचं भलं होणार आहे हे माहीत असेल, तर त्याला पूर्ण सांगा, अर्धं सांगू नका. जुन्या वस्तूंवरून हात फिरवत जा आणि जुन्या माणसांना वाऱ्यावर सोडू नका. मला याहून जास्त काही मागायचं नाही.

परवाची गोष्ट सांगते आणि थांबते. 'मैना' बंदराला लागली होती. वहिनी दर खेपेला येते तशी आली, माझ्या आकड्यांवर हात ठेवून उभी राहिली. सारंग पुढच्या परीक्षेचा अर्ज भरून बसला होता. सगळा अर्ज त्याने स्वतःच्या हाताने भरला होता, अक्षरं वाकडी, पण त्याची. अर्ज द्यायची मुदत शुक्रवारची होती आणि तो दिवस होता गुरुवारचा.

"येतो जाऊन कचेरीत," सारंग उठत म्हणाला. "कप्तानाची पद्धत."

वहिनीने त्याच्या हातातला अर्ज घेतला, घडी घातली आणि पदराखाली ठेवला.

"बसा, दादा," ती म्हणाली. "उद्या देऊ."